माहीमच्या आंब्याच्या खुर्च्या

बोईसरला माझ्या घरासमोरच एका सुतारकाकांचा फर्निचरचा छोटा कारखाना आहे. लाकूड आलं की ते आधी त्यावर तळहात ठेवतात आणि आणणाऱ्याला विचारतात, "कुठल्या रानातलं हाय?" उत्तर मिळेपर्यंत हात हलत नाही.

जवळच्याच माहीम गावातल्या एका रिसॉर्टच्या मालकीणबाईंनी त्यांना जेवणघराच्या सगळ्या खुर्च्या सागवानात करायला सांगितल्या. एवढं मोठं काम त्यांना कधीच मिळालं नव्हतं. टेम्पोभर स्वस्त सागवान दारात आलं. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. ड्रायव्हर नुसता हसला.

"मग परत ने. चोरून तोडलेलं लाकूड मला नको."

काम जाणार म्हणून मीच धास्तावलो. ते मात्र माहीमच्या आंबा-नारळाच्या वाड्यांमध्ये हिंडले. वादळात पडून सुकलेल्या आंब्याच्या झाडांचे ओंडके त्यांनी उचलून आणले, एक खुर्ची केली आणि मालकीणबाईंपुढे ठेवली.

"सागवान नाय, ताई. तुमच्याच गावचा आंबा हाय. यासाठी एकपण झाड तोडलेलं नाय. बसून बघा."

ताई बसल्या, मागे रेलल्या, खुर्चीच्या हातांवरून त्यांनी बोटं फिरवली. म्हणाल्या, "सगळ्या अशाच करा."

परवा खुर्च्या निघाल्या. टेम्पोत मागे, त्यातल्याच एका खुर्चीवर ते ताठ बसले होते, वरातीतल्या नवरदेवासारखे. सगळा नाका बघत होता.