एका घराची दोन राज्यं

राहायला कुठलं राज्य चांगलं, हा आमच्या घरातला विषय इतका जुना आहे की तो माझ्या रुखवतातूनच आला असावा, असं मी चेष्टेने म्हणत असे. हे बंगळूरच्या एका सरकारी संशोधन संस्थेत इंजिनिअर. लग्न करून आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात ह्यांनी मला बजावलं होतं, "इथलं सगळं तात्पुरतं आहे हं. रिटायर झालो की शांतपणे ठरवू, इकडे की तिकडे."

ह्यांचं ते शांतपणे ठरवणं आयुष्यभर चाललं. सुट्टीत साताऱ्याला निघालो आणि गाडीने निपाणी ओलांडली की ह्यांची तुलना सुरू. रस्ता कुठला बरा, वीज कुठे जास्त जाते, सरकारी ऑफिसात कुठे माणसासारखं बोलतात. बंगळूरचा रिक्षावाला अडवतो पण गोड बोलून, आपल्याकडचा मीटरने नेतो पण उपकार केल्यासारखा. साधा मिक्सर घ्यायचा तरी सगळी दुकानं पालथी घालणारा माणूस. राज्य निवडायला एक जन्म पुरेल कसा? मी खिडकीबाहेर बघत ऊस मोजायची.

रिटायर झाल्यावर संस्थेचं क्वार्टर सोडावं लागलं. तेव्हाही निर्णय झालेला नव्हता, म्हणून बनशंकरीला तळमजल्यावरचा फ्लॅट घेतला. तळमजला सासूबाईंसाठी, त्यांना जिने झेपत नव्हते. तात्पुरतं राहायला कुणी फ्लॅट विकत घेतं का, असं मी विचारलं, तर हे म्हणाले, "अगं, विकता येतो." सासूबाई मात्र तिथे अशा रुळल्या की जणू जन्मल्याच बनशंकरीत. शेजारी पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेलं मराठी कुटुंब. त्या घरातल्या अक्का रोज दुपारी येत, आपल्या कानडी मिसळलेल्या मराठीत गप्पा मारत, आणि सासूबाई साताऱ्याच्या मराठीत त्यांना उत्तरं देत. दोघींचं कधी अडलं नाही.

अडलं ते माझं. त्या घरात दुसरं वर्ष लागलं आणि माझा श्वास बिघडला. आधी पहाटेचा खोकला, मग छातीत शिट्टी वाजावी तसा आवाज, मग दोन वाक्यं सलग बोलता येईनात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झाडांचे पराग, धूळ, इथली हवा, पुष्कळ जणांना होतं. गाव बदलून बघा.

इतकं सरळ सांगितलेलं इंजिनिअर माणसाला पटेल तर शपथ. ह्यांचं म्हणणं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कारण कळणार कसं? म्हणून एक महिना पडदे काढून पाहिले. मग गाद्या बदलल्या. मग माझी तुळस आणि मोगरा सोडून सगळ्या कुंड्या अक्कांकडे गेल्या. पुढच्या महिन्यात मोगराही गेला. प्रत्येक बदलानंतर हे माझ्या तोंडाकडे बघत निकालाची वाट पाहायचे आणि मी खोकायची. राग यायचा. पण त्या माणसाच्या डोळ्यांतली भीती दिसायची. ज्याला जे येतं तेच तो करणार.

शेवटी मला साताऱ्याला नणंदेकडे पाठवलं. आठवडाभरातच मी तिच्या गच्चीवर न थांबता चढून गेले. वर उभी राहून मी नुसता श्वास घेतला आणि मला रडू आलं. माझी छाती असा श्वास घेऊ शकते, हेच मी विसरले होते. परत बंगळूरला आले, दहा-बारा दिवसांत शिट्टी सुरू. ह्यांनी पुन्हा पाठवून पाहिलं, पुन्हा तेच. आमच्या जन्मभराच्या प्रश्नाचं उत्तर असं मिळालं. सगळ्यांनी साताऱ्याला जायचं, नणंदेच्या घराचा वरचा मजला रिकामाच होता. जिन्याचं काय, तर सासूबाई म्हणाल्या, "एकदा उचलून वर न्या, मग मी कशाला खाली उतरतेय?"

बांधाबांध सुरू झाली आणि त्याच दिवसांत सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्या वयात हाड नीट धरेना. नुसतं कुशीवर वळवलं तरी त्या ओठ चावायच्या. ह्यांनी अ‍ॅम्ब्युलन्सचं विचारलं, विमानाचं विचारलं. डॉक्टर दोन्हीला नाही म्हणाले. इतका प्रवास आजींना सोसणार नाही, आता आहेत तिथेच राहू द्या.

मी राहिले. त्यांचं सगळं करत होते आणि धापा टाकत होते. त्यांना भरवताना खोकला आला की वाटी खाली ठेवून गॅलरीत पळायची. एकदा वाटी ठेवायलाही वेळ मिळाला नाही, मलाच दवाखान्यात नेलं आणि दोन दिवस ऑक्सिजनवर ठेवलं. घरी आले तर पलंगावरून सासूबाई म्हणाल्या, "तू जा. माझ्यासमोर तुला काही झालं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

"आणि तुमचं कोण करणार, आई?"

दारात उभ्या असलेल्या अक्का म्हणाल्या, "तुमी जावा. आमी हाव की इथं. स्वल्प दिवस काढा, मग सगळं सरी होतंय."

तेवढं म्हणून अक्कांनी जीभ चावली. थोडे दिवस म्हणजे काय, आणि सगळं ठीक होणार म्हणजे नेमकं काय होणार, ते आम्हा तिघींनाही एकाच वेळी कळलं. सासूबाईंनी चादर सारखी केली.

आता मी साताऱ्यात आणि हे बंगळूरला. दिवसभराला एक बाई ठेवली आहे, अक्का येऊन-जाऊन असतात, आणि कधी साधा कुकर न लावलेला हा माणूस आईला मऊ भात कालवून भरवतो. तुलना करणं ह्यांनी सोडून दिलं आहे. मी मुद्दाम फोनवर म्हणते, इथे आज चार तास वीज नव्हती, रस्ते तर विचारूच नका. वाटतं, भांडतील, कर्नाटकाची बाजू घेतील. हे फक्त म्हणतात, "श्वास बरा आहे ना?"

बरा आहे. त्याचंच काय करावं ते कळत नाही. सकाळी अजिंक्यताऱ्याच्या बाजूने गार वारा येतो, मी तो पोटभर घेते, आणि वाटतं, हा मी कुणाच्या वाट्याचा घेते आहे? इथे दारावर मराठी, भाजीवाल्याशी मराठी, ज्याची तहान आयुष्यभर होती ते सगळं आहे, आणि ताट मात्र एकटीचं. गल्लीतल्या बायका विचारतात, "मग हे कधी येणार कायमचे?" मी म्हणते, "सासूबाई अंथरुणाला खिळल्यात." त्या "हं" म्हणतात आणि विषय बदलतात. देवापुढे बसले तर काय मागावं तेच सुचत नाही. त्यांना उदंड आयुष्य दे म्हणताना जीभ अडखळते, आणि ती अडखळली म्हणून मी माझ्यावरच चिडते. चाळीस वर्षांच्या संसारात मला ह्या बाईने एकदाही तोडून बोललेलं आठवत नाही.

परवा दुपारी फोन आला. हे औषधं आणायला गेले होते, सासूबाईंनी बाईकडून नंबर लावून घेतला होता.

"अगं, डॉक्टर घरी येऊन गेले," त्या म्हणाल्या. "छातीची ती ईसीजीची पट्टी काढली. म्हणाले, आजी, हृदय ठणठणीत आहे तुमचं. अजून बरीच वर्षं चालेल."

"छान झालं की, आई."

मग चूक झाल्यावर लहान मूल बोलतं तितक्या हळू आवाजात त्या म्हणाल्या, "मी काय करू गं?"

मी घाईघाईने विचारलं, "जेवलात का?"

"जेवले," त्या म्हणाल्या, आणि लगेच पुढे म्हणाल्या, "पण थोडंच हं."