नसलेले पट्टे

डॉक्टर म्हणाले, कॅमेरा सोडा नाहीतर खांदा तरी सोडा. तीस वर्षं लग्नं, मुंजी आणि कारखान्यांचे कॅटलॉग काढून माझा उजवा हात डोक्याच्या वर जाईनासा झाला होता. शर्ट घालायला बायकोला हाक मारावी लागे आणि ती हसत हसत येई, ते जास्त झोंबे. तेव्हा ओळखीच्या दुकानदारानं एक नवा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा आठ दिवस वापरून बघायला दिला. वजनाला माझ्या जुन्या धोंड्याच्या निम्माही भरत नव्हता.

मी माणूस खडूस. कुठल्याही वस्तूला चटकन चांगलं म्हणत नाही. वही घेऊन तपासायला बसलो. हातात नीट बसतो, पण करंगळी हवेत लोंबकळते. बॅटरी दुपारीच मान टाकते. आवाज इतका कमी, की फोटो काढल्यासारखं वाटतच नाही. फोकस मात्र माणसाच्या डोळ्यावर असा जाऊन बसतो, की झक मारली आणि तीस वर्षं हातानं फिरवत बसलो. चौथ्या दिवशी तो खांद्याला अडकवून सोलापूरच्या चिंचोळी एमआयडीसीत गेलो.

तिथं माझ्या शाळेतल्या मित्राचा टॉवेल आणि टेबलक्लॉथचा कारखाना आहे. परगावच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाला नव्या मालाचे फोटो पाठवायचे होते. मित्रानं मला बघितलं आणि सगळ्यांसमोर ओरडला, "काय बे, एवढासा कॅमेरा? खेळण्यातला आणलास काय?" मागावरची माणसं हसली. माझं टाळकं फिरलं. म्हणालो, "एवढासा म्हणू नको. तुझ्या डोळ्याला दिसत नाही ना, ते हा दाखवतो." हे वाक्य दुकानदाराचं होतं. मी माझं म्हणून ठोकून दिलं.

माल सुरेख होता. करडा, अगदी बारीक चौकड्यांचा टेबलक्लॉथ. ज्यानं विणला होता तो शेजारीच उभा. साठीला टेकलेला, शहराच्या पूर्व भागातल्या विणकर वस्तीतला, घरात तेलुगू बोलणारा. सगळे त्याला अण्णा म्हणत. मी फोटो काढेपर्यंत तो कापडाचा कोपरा हातानं सारखा करत होता. कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर फोटो बघून म्हणाला, "भारी आलाय की ओ सर."

दुसऱ्या दिवशी मित्राचा फोन आला. गिऱ्हाइकानं माल नाकारला होता. कापडावर तिरके पट्टे आहेत, हिरवट-जांभळे, विणीतच खोट आहे, असं त्याचं म्हणणं. मी घरी फोटो मोठ्या पडद्यावर लावला. पट्टे होते. पण मला लगेच कळलं, ते कापडावरचे नव्हते. विणीचे बारीक धागे आणि कॅमेऱ्याच्या आतले बारीक ठिपके एकमेकांत अडकले की फोटोत असे नसलेले पट्टे उमटतात. माझ्या जुन्या कॅमेऱ्यात ते टाळणारी काच आहे, या नव्यात नाही. दोन पावलं मागं सरकलो असतो तर भागलं असतं. वहीभर खरडलं आणि सोलापुरात राहून कॅमेरा कापडावर तेवढा तपासला नाही, वा रे शहाणा!

"कापडावर मला तर काहीच दिसत नाही," मित्र फोनवर म्हणाला. "पण तूच म्हणालास ना, डोळ्याला दिसत नाही ते हा दाखवतो."

तिथंच म्हणायचं होतं, चूक माझी आहे. मी म्हणालो, "बघतो."

काय बघणार होतो, डोंबल! वर्षभराच्या कॅटलॉगचं काम मला मिळणार होतं, आणि चारचौघांत मारलेली बढाई गिळायची तयारी नव्हती. तीन दिवस गप्प बसलो. त्या तीन दिवसांत अण्णानं मागाची फणी उतरवून तिचा दात न् दात तपासला, सूत उलगडून बघितलं. काही सापडेना. मग मित्रानं त्याला सांगितलं, तुझी नजर गेली, आता घरी बस.

हे कानावर आलं तसा मी कारखान्यात धावलो आणि सगळं ओकून टाकलं. मित्रानं उठून दार लावलं.

"आता सांगतोस होय बे? कामगाराची चूक होती, त्याला काढला, माल नव्यानं विणून देतो, असं मी कळवून बसलोय. ते मानलेत. आता काय सांगू, आमचा फोटोवाला गाढव आहे?"

"आणि अण्णा?"

"त्याचं वय झालंच होतं की. तू एक कर. तोच माल जुन्या कॅमेऱ्यानं परत काढ. नवा म्हणून पाठवतो."

आणि मी काढला. नाही म्हणता आलं असतं, म्हणालो नाही. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती. फोटो चोख आले. तो हलका कॅमेरा दुकानदाराला परत केला, कारण सांगितलं नाही.

रविवारी अण्णाचं घर शोधत गेलो. तो दारातच खुर्ची टाकून बसला होता, डोळ्यांवर नवा चष्मा. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "अण्णा, तुमचं कापड चोख होतं. पट्टे माझ्या कॅमेऱ्यानं पाडले." आणि जुन्या कॅमेऱ्यानं काढलेला फोटो फोनवर उघडून त्याच्या हातात दिला.

त्यानं चष्मा सारखा केला. फोटो बोटांनी मोठा करून या कडेपासून त्या कडेपर्यंत सावकाश बघितला. "हे नवीन माणसानं विणलेलं ना? मालक म्हणत होते, परत विणून घेतलं म्हणून." मग मान डोलावली. "लई चोख हाय ओ. एक धागा हललेला न्हाय. माझा पण हात असाच होता, सर, एके काळी."

"अण्णा, हे तुमचंच आहे. तेच कापड."

तो हसला. "असू द्या की. तुम्ही मोठ्या मनाचे, म्हणून बोलताय." फोन माझ्या हातात ठेवला आणि आत बायकोला चहा टाकायला सांगितलं. मी तीनतीनदा सांगितलं, शपथ घेतली. तो दर वेळी तसाच हसला, आणि शेवटी मलाच म्हणाला, वाईट वाटून घेऊ नका.