जितू पास होईपर्यंत

सबनीस मॅडम गेल्याची बातमी मला कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मिळाली. तिच्या बरोबर वर, प्राचार्यांना कुठल्याशा परिषदेत मिळालेल्या सन्मानचिन्हाचा फोटो होता. लोक काय वाचतोय ते न बघता बोट दाबतात. त्यामुळे ‘माधवी सबनीस यांचे आज सकाळी अंबरनाथ येथे राहत्या घरी हृदयविकाराने निधन’ या ओळीखाली आधी दोन पुष्पगुच्छ आणि टाळ्या वाजवणारे हात उमटले, मग कुणीतरी सावध होऊन हात जोडले. मी बेलवलीत माझ्या घरी चहा घेत होतो. पहिला विचार आला तो असा, की हे मॅडमना दाखवायला हवं... आणि मग दुसरा विचार आला.

त्यानंतर कॉलेजने शोकसभा घेतली. फोटोला हार आणि व्यासपीठावरच्या मान्यवरांना गुलाब असा कार्यक्रम होता. भाषणांत मॅडमचा ‘त्यागमूर्ती’ असा उल्लेख इतक्या वेळा झाला, की शेवटी मला त्या कोणी वेगळ्याच बाई वाटू लागल्या. एका विद्यार्थ्यासाठी त्यांनी पुण्याची मोठी संधी नाकारली, हा प्रसंग सगळ्यांनी सांगितला. प्रसंग खरा आहे. त्यात त्याग किती होता, याबद्दल मात्र खुद्द मॅडमचं मत वेगळं होतं, आणि ते माझ्याजवळ आहे. म्हणून हे लिहितोय.

मी त्या कॉलेजात ग्रंथपाल. मॅडम केमिकल इंजिनीअरिंग शिकवायच्या. स्टाफरूममध्ये वेतन आयोगाखेरीज विषय नसतो म्हणून दुपारचा डबा घेऊन त्या ग्रंथालयात येत. ‘‘काय ग्रंथपाल, आज काय आलंय वाचण्यासारखं?’’ ही त्यांची सलामी. कादंबरी घेतली की उभ्याउभ्या शेवटचं प्रकरण आधी वाचत. मी नाराजी दाखवली, तर म्हणाल्या, ‘‘आमच्यात असंच असतं. शेवटी काय निघायला हवंय ते आधी ठरवायचं, मग मागे मागे जात प्रोसेस आखायची.’’ त्यांना स्वतःला शेवटी काय हवं होतं हेही ठाऊक होतं. आपण आखलेला एक कारखाना कुठेतरी खराखुरा उभा राहिलेला बघायचा होता. तेवढंच.

कारण कागदावर त्यांनी पुष्कळ उभे केले होते. केमिकलच्या शेवटच्या वर्षाला प्रकल्प असतो. मुलांनी गटाने एखादं रसायन निवडायचं आणि ते बनवणारा पूर्ण कारखाना आकडेमोडीसह आखायचा. हे अहवाल काळ्या पुठ्ठ्यात, सोनेरी अक्षरांत बांधून माझ्याकडे जमा होत. माझ्या मागच्या कपाटांत उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंतची सगळी जमीन व्यापून वर उरतील इतके कारखाने आहेत. मुलं आदल्या वर्षीचे अहवाल उतरवत. एका गटाने तर आभाराचं पानही तसंच उतरवलं आणि ज्या सरांचे आभार मानले, ते सर कॉलेज सोडून कधीच गेले होते. मॅडम मात्र तोंडी परीक्षेत अहवाल मिटून ठेवायला लावत.

‘‘पाणी कुठून घेणार?’’

‘‘बारवी धरणातून, मॅडम.’’

‘‘आणि वापरून झालं की सोडणार कुठे?’’

मुलगा खिडकीबाहेर बघे. बाहेर नाला होता. ‘‘तिकडे बघू नकोस,’’ मॅडम म्हणत, ‘‘तिकडे आधीच गर्दी आहे.’’

एके काळी हा वर्ग भरलेला असे. आसपासच्या कारखान्यांतल्या अधिकाऱ्यांची मुलं, गावांतली हुशार मुलं, सगळी यायची. मग सगळ्यांनाच कॉम्प्युटर हवं झालं आणि केमिकलची बाकं रिकामी होत गेली. एका तपासणी समितीने ‘विद्यार्थी इतके कमी कसे?’ असं विचारलं, तर प्राचार्य म्हणाले, ‘‘सर, आमचा भर दर्जावर आहे.’’ शेवटी शाखेचे नवे प्रवेश थांबले. असलेले विद्यार्थी उत्तीर्ण होऊन बाहेर पडले की शाखा बंद, असं ठरलं. बाकीचे प्राध्यापक जमेल तिकडे गेले. मॅडम, प्रयोगशाळा आणि प्रयोगशाळेचे परिचर भोईर एवढेच उरले. मुलंही एकेक करून बाहेर पडली... आणि उरला जितू.

जितेश उल्हासनगरच्या एका सिंधी फर्निचरवाल्याचा मुलगा. त्याचा एकच विषय राहिला होता, मास ट्रान्सफर. द्रवांची, वायूंची मिश्रणं वेगळी कशी करायची याचा विषय. तो विषय मॅडमचाच. राहिलेल्या विषयाला मुलं केटी म्हणतात, आणि जितूची केटी दर सत्रात पुन्हा लागे. तो नापास होई तो पाच-सात गुणांनी. जोवर एक विद्यार्थी आहे तोवर विषयाचा एक शिक्षक हवा, असा आमच्या कॉलेजने नियमाचा अर्थ लावला होता. म्हणजे जितू अडकला म्हणून मॅडम अडकल्या आणि मॅडम होत्या म्हणून भोईर. प्राचार्यांना त्या प्रयोगशाळेच्या जागेवर कसलीशी अत्याधुनिक लॅब करायची होती, म्हणून तेही अडकले होते. मॅडमना ते एकदा म्हणाले, ‘‘काहीतरी बघा ना. ओरलला भरभरून द्या.’’ मॅडम म्हणाल्या, ‘‘ओरलला तो भरभरूनच मिळवतो, सर. पेपर विद्यापीठ तपासतं.’’

त्याच काळात पुण्याहून देशमुखांचा फोन आला. हे मॅडमचे वर्गमित्र. त्यांची फर्म कारखान्यांची आखणी करते, आणि ते कारखाने खरोखर बांधले जातात. त्यांना मॅडम हव्या होत्या. मॅडम एकट्या राहत, मागे कुणी नव्हतं, फक्त नाशिकला एक बहीण. मी म्हटलं, ‘‘जा की.’’ त्या म्हणाल्या, ‘‘जितूचं होऊ दे.’’ पुढच्या सत्रातही तेच म्हणाल्या. मग देशमुखांचे फोन विरळ झाले आणि मीही विचारायचं सोडलं. प्रयोगशाळेत मात्र त्या एकट्या मुलासाठी साडी खोचून भरलेल्या वर्गाला शिकवावं तसं शिकवत. मी डबा घेऊन तिकडेच जाऊ लागलो होतो, त्यामुळे ते मी बघितलंय. भोईर खाली गरम करायचं बटण दाबत. उभ्या काचेच्या नळकांड्यात, म्हणजे कॉलममध्ये, द्रव उकळून वाफ वर चढे, वर थंड होऊन पुन्हा द्रव होई आणि तो थेंब थेंब परत खाली येई. मॅडम विचारत, ‘‘बाहेरची झडप बंद आहे. काय म्हणायचं याला?’’

‘‘टोटल रिफ्लक्स, मॅडम.’’

‘‘आणि सेपरेशन कसं होतंय?’’

‘‘एकदम फर्स्ट क्लास.’’

‘‘माल किती निघाला?’’

‘‘माल कुठे, मॅडम? सगळं वापस आतमध्ये.’’

‘‘आपल्या कॉलेजसारखं,’’ असं म्हणून मॅडम माझ्याकडे बघत.

पुढे त्याचा पुन्हा निकाल लागला आणि पुन्हा तेच झालं, तेव्हाची दुपार मला नीट आठवते. मॅडमनी फळ्यावर एक अवघड गणित लिहिलं. जितूने ते सोडवलं, तेही मधेच मला ‘‘सर, लोणचं मस्त दिसतंय’’ असं म्हणत. मॅडमनी खडू खाली ठेवला.

‘‘मग पेपरात काय होतं रे तुला?’’

जितू फळा पुसायला लागला. मॅडमनी पुन्हा विचारलं. तेवढ्यात नळकांडं पुसत असलेले भोईर वळले. हे चामटोली गावचे, जितके मिश्कील तितकेच भित्रे. ‘‘मॅडम, त्याला नका बोलू. मीच बोललो व्हतो त्याला, मस्करीत. म्हटलं, जित्या, तू पास झालास का मॅडमची नोकरी खलास, माझीपन खलास. सावकाश हो पास.’’

मॅडम जितूकडे वळल्या. ‘‘म्हणजे तू माझी नोकरी वाचवायला नापास होतोस?’’

‘‘मॅडम, सच बोलू?’’ जितू म्हणाला. ‘‘आधं तुमच्यासाठी. आधं दुकानासाठी. पास झालो तर पप्पा म्हणणार, हो गया ना शौक पूरा, आता गल्ल्यावर बस. केटी आहे तोपर्यंत मी इंजिनीअर बनतोय.’’

‘‘अरे गाढवा, मी पुण्याला जाणार होते! तुझ्यासाठी थांबले मी इथे.’’

‘‘पण मला तर कोणी सांगितलंच नाही, मॅडम.’’ आणि मग, अगदी साधेपणाने, ‘‘मी तर नुसता पेपर द्यायला येतो. रोकलं कोणी तुम्हाला? गए क्यों नहीं?’’

मला वाटलं, आता हसतील. भोईर तर हसायच्या तयारीत होते. मॅडमनी हात धुतले, खोचलेला पदर सोडला, आणि ‘‘गॅसकेट बदलायला झालंय, भोईर’’ असं काहीतरी असंबद्ध बोलून बाहेर गेल्या.

संध्याकाळी त्या ग्रंथालयात आल्या. मी त्यांची समजूत काढायला म्हणून म्हटलं, की तुम्ही दोघांनी एकमेकांसाठी केवढा त्याग केलात. फार चिडल्या. ‘‘त्याग वगैरे काही नाही हो. भीती. इतकी वर्षं कागदावर कारखाने काढले, कुणी चूक दाखवायला येत नाही तिथे. पुण्यात काढलेला उद्या उभा राहील, आणि गळायला लागला तर? त्यापेक्षा जितू बरा. विचारलं कुणी, की सांगायला बरा.’’ मग म्हणाल्या, ‘‘कॉलम सुरू करताना झडप बंदच ठेवतात, काही वेळ. स्थिरावेपर्यंत. मी जरा जास्तच वेळ ठेवली.’’

पुढच्या परीक्षेला त्यांनी जितूला एकच ताकीद दिली, की सगळे प्रश्न सोडव आणि भोईरांशी बोलू नकोस. जितू चांगल्या गुणांनी पास झाला. कॉलेजने फाटकावर ‘केमिकल विभागाचा शंभर टक्के निकाल’ असा फलक लावला. त्यावर प्राचार्यांचा फोटो मोठा आणि जितूचा लहान होता. सत्कार झाला. मॅडमना शाल आणि श्रीफळ मिळालं. नारळ त्यांनी भोईरांना दिला. भोईरांची नोकरी गेली नव्हती. त्यांना नव्या लॅबमध्ये एसी चालू-बंद करण्याचं काम मिळालं होतं. जितूच्या वडिलांनी पेढे वाटताना मला बाजूला घेऊन विचारलं, ‘‘साईं, ये मास ट्रान्सफर होता क्या है?’’ मी म्हटलं, माल एका जागेवरून दुसऱ्या जागी जाणं. ‘‘तो वो तो अपना टेंपो भी करता है,’’ असं म्हणून ते हसले. पण मुलाला त्यांनी अंबरनाथच्या कारखान्यात ट्रेनी म्हणून जाऊ दिलं. दुकानात आता तो फक्त रविवारी बसतो.

मॅडमची शेवटची भेट अंबरनाथ स्टेशनबाहेर, भाजीच्या गाड्यांपाशी झाली. त्यांनी नोकरी सोडली होती. ‘‘देशमुखांना कळवलंय. जातेय,’’ म्हणाल्या. पिशवीत दोनच केळी होती. हे ‘जातेय’ मी पूर्वीही ऐकलेलं होतं. मी म्हटलं, ‘‘आता जितू पास झाला. नवा कोण शोधलात?’’ त्या हसल्या. ‘‘बघालच तुम्ही, ग्रंथपाल.’’ खरं सांगायचं तर माझा विश्वास बसला नाही. थांबायची सवय लागलेल्या माणसाला कारणं सापडत राहतात. मी स्वतः पाऊणशे वेळा राजीनामा लिहिलाय, तोही कॉलेजच्याच कागदावर... तेव्हा याबाबतीत मला थोडं कळतं. त्यानंतर आठवड्याभरात ग्रुपवर ती बातमी आली.

दिवसकार्य झाल्यावर नाशिकच्या शैलाताईंनी, म्हणजे मॅडमच्या बहिणीने, घर आवरायला मदतीला बोलावलं. सामान न्यायला जितू दुकानाचा टेंपो घेऊन आला होता. बाहेरच्या खोलीत बांधलेली खोकी होती. पण बांधून तशीच ठेवलेली खोकी आमच्याकडे घरोघरी असतात. त्यावरून काही सिद्ध होत नाही. पुस्तकांचं खोकं उचलता उचलता जितू हळूच म्हणाला, ‘‘सर, मी मॅडमला तसं विचारायला नको होतं. गए क्यों नहीं, असं. त्यांना लागलं असेल ना? जाणार होत्या का खरंच? की मला बरं वाटावं म्हणून म्हणायच्या?’’

मी स्वयंपाकघराकडे वळून म्हटलं, ‘‘शैलाताई, आधी चहा टाका.’’

‘‘कशावर टाकू?’’ त्या आतून म्हणाल्या. ‘‘गॅस कुठाय? कनेक्शन परत केलंय तिने. शेवटचे दिवस डबाच लावला होता. मला फोनवर म्हणाली, पुण्यात नवीन घेईन.’’

आम्ही दोघं आत जाऊन उभे राहिलो. आमच्या या गावांत मुलं परदेशी स्थायिक होतात, आईवडील त्यांच्याकडे सहा-सहा महिने राहून येतात, घराला कुलूप राहतं, पण गॅसचं कनेक्शन कुणी सोडत नाही. परत यायची थोडीशी जरी शक्यता मनात असेल, तरी सोडत नाही. ओट्याखालची जागा मोकळी होती. फरशीवर सिलिंडरच्या बुडाचा गंजाचा गोल उमटलेला होता, आणि तो घासून काढायचा प्रयत्न केल्याच्या पांढरट खुणा त्याच्याभोवती होत्या. घरमालकाला भाड्याचं घर नीट करून द्यायचं असतं, तसं कुणीतरी गुडघ्यांवर बसून बराच वेळ घासलं होतं.

जितू खाली बसला आणि त्या गोलावरून त्याने बोट फिरवलं. ‘‘ॲसिड लावायला पाहिजे होतं,’’ तो म्हणाला.