फोन मेलाय, लवकर या!

लाइनमनच्या घरात एक वेळ साखर संपेल, किस्से संपत नाहीत! मी आणि म्हात्रे, आम्ही दोघांनी पनवेलच्या टेलिफोन खात्यात एकाच शिडीवर नोकरी काढली. मी चढायचो, तो खाली शिडी धरायचा. मी उतरेपर्यंत घरातल्या बाईंनी त्याला सासूपासून शेजारणीपर्यंत सगळं सांगून टाकलेलं असायचं. आता दोघंही रिटायर. सकाळी तलावाला फेऱ्या मारतो. परवा माझ्या नातीने विचारलं, "आजोबा, फोन वायरने बांधून का ठेवायचे? पळून जायचा का?" तेव्हापासून एकेक आठवायला लागलंय.

*

एक रिटायर्ड हेडमास्तर होते. फोन आला त्याच दिवशी त्यांनी डायलला कुलूप घातलं आणि किल्ली जानव्याला बांधली. तरी बिलावर पेणचे कॉल! सरांचा संशय थेट आमच्यावर.

"कुलूप माझं, किल्ली माझ्या अंगावर. मग बोलतं कोण? तुमचं एक्स्चेंज?"

मी रिसीव्हर कानाला लावून लाइन तपासत होतो. सहज मान वळवली, तर सरांच्या मागे स्वयंपाकघराच्या दारात काकू हात जोडून उभ्या! माझ्या लगेच लक्षात आलं. रिसीव्हर ठेवतो तिथला खटका मोजून टकटक दाबला, की डायल न फिरवताही नंबर लागतो. खात्यात आम्हाला शिकवलेली ही युक्ती काकूंनी पेणच्या बहिणीच्या ओढीने स्वतःच शोधून काढली होती.

"दमट हवा आहे सर," मी म्हणालो. "कधीकधी नंबर आपोआप लागतो."

"आणि तो पेणलाच लागतो?"

म्हात्रे गंभीरपणे म्हणाला, "सर, पेणची हवा जरा जास्तच दमट!"

जाताना आम्हाला अळूवड्यांचा डबा मिळाला. सरांना वाटलं, काकू फार अगत्यशील आहेत.

*

उरणच्या बाजूला एका कोळीवाड्यात दर आठ-दहा दिवसांनी एकच फोन मरायचा. गेलो, तर खांबापासून घरापर्यंतच्या आमच्या वायरीवर बोंबील वाळत घातलेले! बोंबलांवर कावळे, आणि कावळ्यांनी चोची मारून वायर पार सोललेली.

"मावशी, ही फोनची वायर आहे. तिच्यावर मासळी वाळवतात का?"

मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "वायर तुमची हाय, वारा तं तुमचा नाय ना? येवरी चांगली दोरी मोकली कशाला ठेवाची?"

शेवटी म्हात्रेने स्वतःच्या पिशवीतली नायलॉनची दोरी काढून शेजारी बांधून दिली. मावशींनी खूश होऊन आम्हाला एकेक जुडी बोंबील दिले. संध्याकाळी घरी गेलो, तर बायको दारातच म्हणाली, "खरं सांगा, तुम्ही टेलिफोनातच आहात ना?"

*

मग कम्प्युटर आले. फोनच्याच लाइनवर मोडेम, आणि मोडेम लागताना ती किंचाळी! नवीन पनवेलच्या एका सेक्टरमध्ये एक तरुण इंजिनिअर घरून काम करायचा. त्याचं नेट रोज सकाळी बरोबर अकराला तुटायचं. "अकराला एक्स्चेंजमध्ये काय चहा होतो का तुमचा?" असं त्याने फोनवर मला झापलं. (व्हायचा. पण त्याचा संबंध नव्हता!)

आम्ही खांब तपासला, पेटी तपासली, जॉइंट बदलले. चौथ्या दिवशी मी त्याच्या खोलीत जाऊन त्याच्याशेजारीच बसलो. अकरा वाजले. नेट गेलं! धावत हॉलमध्ये आलो, तर कामाच्या सुमनताई त्याच लाइनवरच्या दुसऱ्या फोनचा रिसीव्हर उचलून खालची धूळ पुसत होत्या.

"अहो ताई, रोज उचलता?"

"मग? वरवर पुसलेलं मला नाही चालत," सुमनताई म्हणाल्या. "आणि काय हो, उचलला की आतून कोणीतरी किंचाळतं! मी म्हणते, बाई गं, झालंच, ठेवते!"

*

आमच्याच ऑफिसातल्या शेखभाईंचा मुलगा कुवेतला होता. दर शुक्रवारी नमाजनंतर त्याचा फोन यायचा, आणि आख्खा मोहल्ला त्यांच्या हॉलमध्ये. चाचा बोलणार, मामू बोलणार, शेजारचे दोघं नुसता सलाम करणार. आईचा नंबर शेवटी. एकदा तिने एवढंच विचारलं, "जेवलास का रे?" आणि लाइन कट!

पुढच्या शुक्रवारी बेल वाजली. ह्या वेळी सगळ्यांनी आईला पुढे केलं. पलीकडून पहिलंच वाक्य आलं, "हां अम्मी, जेवलो!"

*

आमचे देवधर साहेब नियमाचे पक्के. नवा फोन बसवला, की ते स्वतः ऑफिसातून रिंग द्यायचे आणि अर्जदाराशी बोलल्याशिवाय रजिस्टरात सही करायचे नाहीत. अर्जदार हयात नसेल, तर फोन परत आणायचा. वारसाने नवा अर्ज करायचा आणि पुन्हा रांगेत उभं राहायचं.

टपाल नाक्याजवळच्या आपट्यांचा नंबर आठ वर्षांनी लागला. आम्ही फोन घेऊन गेलो, तर आपटे चार महिन्यांपूर्वीच गेलेले. आपटेकाकूंचा पाय प्लास्टरमध्ये. एकुलती लेक बडोद्याला, बाळंतपण आठवड्यावर आलेलं, आणि डॉक्टरांनी तिला प्रवास करू नको म्हणून बजावलेलं. ना हिला जाता येत, ना तिला येता येत. हा फोन परत गेला असता, तर लेकीचा आवाज काकूंच्या कानावर पडायचा दुसरा मार्ग नव्हता.

मी नियम सांगितला. सांगताना माझीच मला लाज वाटली.

काकू लंगडत उठल्या. भिंतीवरचा आपट्यांचा फोटो काढून त्यांनी खुर्चीत ठेवला, हार सारखा केला. "अर्जदार हजर आहेत," त्या म्हणाल्या. "बसवा फोन."

म्हात्रेने माझ्याकडे पाहिलं आणि वायर सोडवायला घेतली. फोन बसला. थोड्या वेळात बेल वाजली.

"देवधर बोलतोय. अर्जदाराला द्या."

मी रिसीव्हर काकूंना दिला. त्यांनी तो फोटोसमोर धरला. साहेबांचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता. "हॅलो? आपटे? हॅलो, आवाज येतोय का?"

हेडमास्तरांसमोर बेधडक थाप मारणारा मी, त्या दिवशी नुसता उरलेली वायर गुंडाळत राहिलो. शेवटी काकूंनीच रिसीव्हर कानाला लावला.

"साहेब, ते पहिल्यापासून कमीच बोलतात. कोर्टात कारकून होते, तिथेही कोणी त्यांचा आवाज ऐकला नाही. आठ वर्षं फोनची वाट बघितली, एकदाही तक्रार केली नाही. मुलगी बडोद्याला आहे हो आमची. एवढ्यात बाळंत होईल."

पलीकडून नुसती बारीक खरखर. मग साहेबांनी मला फोनवर बोलावलं.

"परत आलास की रजिस्टरात लिही," ते म्हणाले. "अर्जदाराशी बोललो. लाइन स्वच्छ आहे."