साडूंनी राखून ठेवलेला रुसवा

जगाच्या पाठीवर कुठंही अन्याय होवो, त्याची वर्दी आधी जिंतूरला आमच्या साडूंकडं येते आणि मग बाकीच्या दुनियेला कळतं, हे मी पैजेवर सांगतो. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्या बहिणीला आम्ही सगळे अक्का म्हणतो. साडूंची सारी नोकरी एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून गेली, काचेच्या खोलीत बसून माइकवर गाड्या पुकारण्यात. त्यांनी नुसतं "प्रवाशांनी लक्ष द्यावं" म्हटलं की शेंगा सोलणाऱ्या बाईपासून झोपलेल्या म्हाताऱ्यापर्यंत अख्खा स्टँड मान वर करायचा. निवृत्तीच्या दिवशी हारतुरे मिळाले आणि माइक गेला. पण इतक्या वर्षांची लागलेली खोड थोडीच जाते? मुलानं मोबाईल घेऊन दिला आणि साडूंना पुन्हा माइक सापडला. तेव्हापासून ते गाड्या पुकारायच्या तसे अन्याय पुकारतात.

यात गबाळेपणा मात्र अजिबात नाही. सकाळी चहा झाला की जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर आधी कच्चा मजकूर लिहायचा, तो अक्कांना मोठ्यानं वाचून दाखवायचा, मग एका बोटानं टाइप करून सोयऱ्याधायऱ्यांच्या ग्रुपवर टाकायचा. निषेधाचे त्यांच्याकडं चार दर्जे आहेत: साधा, जाहीर, तीव्र आणि त्रिवार. एसटीत साधी, जलद, निमआराम असते ना, तसंच. दर्जा कशावरून ठरतो हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. मग ध्यानात आलं, अंतरावरून ठरतो. अन्याय जितका लांबचा तितका निषेध मोठा. साता समुद्रापलीकडं कुणी जंगल तोडलं, त्रिवार. दिल्लीकडं काही झालं, तीव्र. मुंबईचं असलं तर जाहीर. परभणीपर्यंत येता येता नुसता साधा, आणि त्यांच्या स्वतःच्या दारापुढची नाली तीन वर्षं तुंबलेली आहे, तिच्याबद्दल एक अक्षर नाही. मी विचारलं तर म्हणाले, "नगरसेवक शेजारीच ऱ्हातेत हो. रोज तोंड दिसतंय. कशाला वाईटपणा घ्या?" अक्का आतून ओरडल्या, "जगाचं झालं असंल तर दळण आणा आता!"

एकदा तर कहर झाला. कुठल्याशा परदेशी नदीत विष सोडल्याची बातमी आली आणि साडूंनी मोबाईलवरचा आपला फोटो हटवून तिथं नुसता काळा चौकोन लावला. खाली लिहिलं, 'मन सुन्न झाले आहे.' दुसऱ्या दिवशी चारठाण्याहून त्यांची चुलत आत्या, चार बाया आणि दोन बाप्ये घेऊन, गल्लीच्या तोंडापासून रडतच आली. दार साडूंनीच उघडलं. आत्याबाईंचा हंबरडा जागच्या जागी थांबला. "आगं माय, तू तर हाईस की!" साडूंनी सगळ्यांना बसवून नदीची हकीकत सांगितली. मासे कसे मेले, पाणी कसं लाल झालं, सगळं. आत्याबाईंनी डोळे पुसत शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "ते समदं खरं रे बाबा, पर मेलं कोण?" अक्कांनी त्या दिवशी नऊ माणसांचा स्वयंपाक केला.

निषेध टाकला की साडू अंगठे मोजायला बसतात. कुणाचा आला, कुणाचा नाही, सगळं पाठ. एका बारशात त्यांनी माझ्या भाच्याला भर मांडवात धरलं होतं, "त्या हिमनगाच्या येळंला तुजा अंगठा दिसला न्हाई रे." माझाही कधी दिसायचा नाही. मी त्यांची चेष्टा करणारा माणूस, अंगठा कसला देतोय! पण एक अंगठा कधी चुकला नाही आणि तो नेहमी पहिला यायचा: त्यांच्या व्याह्यांचा, म्हणजे सूनबाईच्या वडिलांचा. मजकूर वाचून होईल इतकाही वेळ जायचा नाही, की आलाच अंगठा. साडू फोन माझ्यापुढं नाचवून म्हणायचे, "बगा, याला म्हणतेत सोयरा!"

व्याहीही तसे दिलदार. रस्त्यालगतचं गाव, चांगली शेती, शेतात मोबाईलचा टॉवर, शाळेच्या समितीचे अध्यक्ष, आणि पंगतीत वाढायला स्वतः उभे राहणार. साडूंच्या मुलाच्या लग्नात त्यांनी काही कमी पडू दिलं नाही. आमच्याकडं वरबापानं लग्नात एकदा तरी रुसायचं असतं. मग मुलीकडच्यांनी धावाधाव करायची, काय चुकलं म्हणून विचारायचं, अंगठीबिंगठी देऊन समजूत काढायची. त्याशिवाय लग्न लागल्यासारखं वाटत नाही. आमचे साडू रुसलेच नाहीत! त्या दिवशी कुठंतरी भूकंपग्रस्तांना मदत पोचत नव्हती, आणि ते मांडवाच्या कोपऱ्यात बसून एका बोटानं तीव्र निषेध लिहीत होते. रुसायचं राहूनच गेलं. व्याही पाठवणीच्या वेळी हसून म्हणाले, "तुमचा रुसवा राखून ठिवा, व्याही. कवातरी कामाला येईल." सगळे हसले. मीही हसलो.

पुढं दोन वर्षांनी, पावसाळ्यात, कौसाबाई साडूंच्या दारात आली. ती व्याह्यांच्या गावची. तिथल्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. मी तेव्हा चहाला बसलो होतो. तिनं चपला पायरीखाली काढल्या आणि उभ्यानंच सांगितलं, की शाळेत आलेल्या तांदळाच्या पोत्यांत अळ्या निघाल्या. तिनं शिजवायला नाही म्हटलं आणि पालकांसमोर पोतं उपडं करून दाखवलं. अध्यक्षांना, म्हणजे व्याह्यांना, तो अपमान वाटला. त्यांनी तिला कामावरून काढलं आणि दुसरी बाई ठेवली. ती मुकाट्यानं शिजवते.

"भाऊ, तुमी मोबाईलवर लय लिव्हता म्हणं," कौसाबाई म्हणाली. "साऱ्या दुनियेचं लिव्हता. माजं बी दोन वळी लिवा की. माजं काम गेलं ते गेलं, पर पोरायच्या ताटात अळ्या पडायल्यात."

साडू तिच्याकडं बघायचं सोडून बशीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "बगतो." अक्कांनी तिला चहा दिला, ती गेली. साडूंनी फोन उचलला, ठेवला, परत उचलला. संध्याकाळी त्यांचा मजकूर आला. कुठल्यातरी देशात सर्कशीतल्या हत्तीच्या पायात साखळी घातल्याबद्दल त्रिवार निषेध. पहिला अंगठा व्याह्यांचा.

आता माझं डोकं फिरलं. मी तडक त्यांच्या घरी गेलो आणि म्हणालो, "काय साडूभाऊ, हत्तीपर्यंत गाडी गेली तुमची, आणि इथं अर्ध्या तासावरच्या शाळेला थांबा नाही होय?" मला वाटलं चिडतील. चिडले नाहीत. खाली बघून म्हणाले, "लेक त्यायची हाय आपल्या घरात. मी लिव्हलं आन पोराच्या संसारात खडा पडला मंजी? तुमाला बोलायला काय जातंय?" माझं खरंच काही जात नव्हतं. तरी दोन टोमणे आणखी मारले आणि ऐटीत घरी आलो.

मग अधिक महिना लागला. अधिक म्हणजे आमच्याकडं धोंड्याचा महिना. जावयाला आणि त्याच्या आईबापाला बोलवायचं, पाय धुवायचे, कपडे करायचे आणि पुरण भरलेले धोंडे तुपात बुडवून पोट फुटेस्तोवर खाऊ घालायचे. व्याह्यांनी आम्हालाही आग्रहानं बोलावलं. आम्ही एसटीनं उतरलो. शाळा गावाच्या तोंडाशीच. मधली सुट्टी होती, वऱ्हांड्यात पोरं ताटं घेऊन बसली होती आणि भातातून काहीतरी वेचून बाजूला टाकत होती. साडू थांबले. पहिल्या रांगेतल्या एका पोरीनं वर बघितलं आणि ताटावरचं माणूस जसं कुणालाही म्हणतं तसं म्हटलं, "या जेवायला." साडूंनी तिच्या ताटात बघितलं. "जेव बाळा, जेव," असं काहीतरी पुटपुटले आणि पुढं निघाले.

पाय धुतले, टोप्या-उपरणी झाली, पंगत बसली. ताटात गरम धोंडे पडले. विहीणबाई तुपाचं भांडं घेऊन आल्या, तशी साडूंनी वाटीवर हात आडवा धरला.

"कामून हो, व्याही? काय चुकलं आमचं?"

"मी रुसलोय," साडू म्हणाले.

पंगत हसायला लागली. व्याहीही हसत पुढं आले. "आरं वा! अंगठी पायजे का? बोला, करून टाकू."

"अंगठी नको. लग्नातला रुसवा राखून ठिवा म्हणला होता तुमी. तो हाय हा." साडूंचा आवाज, ज्यानं अख्खा स्टँड मान वर करायचा तो आवाज, थरथरत होता. "शाळंतला भात वाढा मला. येताना एका लेकरानं 'या जेवायला' म्हणलं. तिच्या ताटात बगून आलोय मी. तुमी अध्यक्ष, मी तुमचा व्याही, दोगं मिळून तेच खाऊ. न्हाईतर त्या कौसाबाईला परत कामावर घ्या."

व्याह्यांचा चेहरा उतरला. "सोयऱ्याच्या जेवणात गावचं राजकारण आणू नका," ते म्हणाले.

"मंग मी उठतो."

धोंड्याच्या पंगतीतून व्याही उपाशी उठणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला नाही कळायचं. ती गोष्ट नातवंडांच्या लग्नापर्यंत निघत राहते. मुलगा म्हणाला, "बाबा, जेवा की." सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिचे डोळे भरले होते. साडूंनी तिच्याकडं बघितलं नाही, पण हातही वाटीवरून काढला नाही. आणि मी? मी, ज्यानं त्यांना टोमणे मारले होते, त्या वेळी तिसऱ्या धोंड्यावर होतो. ताट सरकवायला माझा हात पुढं झाला नाही. तोंडातला घास तेवढा गिळला. लाज वाटते सांगायला, पण तूप आलं असतं तर घेतलंही असतं.

शेवटी विहीणबाईंनी तुपाचं भांडं खाली ठेवलं. "व्याही उपाशी गेले तर आपल्या लेकीनं त्या घरात कोणत्या तोंडानं ऱ्हावं?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "बोलवा कौसाला."

व्याही दाराशी गेले. मग माणूस पाठवला. कौसाबाई आली, उंबऱ्याबाहेरच थांबली. व्याही भिंतीकडं बघून म्हणाले, "उद्यापसून चूल तूच पेटव. तांदूळ बदलून येतील." विहीणबाईंनी तिला आत बोलावलं आणि तुपाचं भांडं तिच्याच हातात दिलं. कौसाबाईनं साडूंच्या वाटीत धार धरली आणि म्हणाली, "खावा भाऊ, गार व्हायलंय." साडू खाली मान घालून जेवले. डोळ्यांतलं पाणी उपरण्यानं पुसत होते.

व्याह्यांनी शब्द पाळला. नवा तांदूळ आला, कौसाबाई आजही शिजवते. सूनबाई आमच्या अक्कांची लाडकी ती लाडकीच राहिली. व्याही मात्र साडूंशी बोलायचे बंद झाले. दिवाळीला जावयाला बोलावणं येतं, त्याच्या बापाला येत नाही. मी एकदा म्हणालो, "साडूभाऊ, सगळ्या जन्मात एक निषेध कामाला आला तुमचा. हे तर लिहा! अंगठ्यांचा पाऊस पडेल." ते माझ्याकडं मी खुळाच आहे असं बघत राहिले. "सोयऱ्याचं असं चारचौघात मांडायचं असतंय का?" म्हणाले, आणि परत कुठल्याशा सुकलेल्या सरोवराकडं वळले.

अजून रोज सकाळी मजकूर येतो. आता पहिला अंगठा माझा असतो, न वाचता दिलेला. साडूंना तो पोचतो, पण ते फोन खाली ठेवत नाहीत. काचेवर बोट फिरवत आणखी एका अंगठ्याची वाट बघत बसतात. मग माझ्याकडं न बघता म्हणतात, "तिकडं गावाकडं रेंज नसंल."

टॉवर व्याह्यांच्याच शेतात आहे. ते आम्हा दोघांनाही ठाऊक आहे.

"नसंल," मी म्हणतो. "पावसापाण्याची जाते रेंज."