बिनटपाची जीप

यांनी दुसरी गाडी घ्यायचं ठरवलं, तीही जुनी आणि तीही वर पक्का टप नसलेली, हे कळलं तेव्हा मी पोळ्या लाटत होते. लाटणं तसंच हातात घेऊन मी बाहेरच्या खोलीत गेले.

"कोणाले बसवणार हाय त्यात?" मी विचारलं. "नवरदेवाले?"

आमच्या अमरावतीत उघडी जीप दोनच वेळी दिसते, एक वरातीत आणि दुसरी निवडणुकीच्या प्रचारात. वरातीचं यांचं वय उलटून गेलं होतं आणि निवडणुकीला उभं राहण्याइतकी माणसं यांच्याशी बोलत नव्हती. यांचा स्वभाव तसा. कृषी खात्यात नोकरी झाली, सरकारी जीपमधून तिवसा, चांदूर रेल्वे, अचलपूर असा सगळा मुलूख पालथा घातला, पण साहेबांची मर्जी सांभाळणं कधी जमलं नाही. निवृत्त होऊन दीड वर्ष झालं होतं. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी माझ्या स्वयंपाकात चुका काढणं, असं चाललं होतं.

घरी एक गाडी होतीच. पांढरी, छोटी, बंद काचांची, आमच्या उन्हाळ्याला सोयीची. पण वर्षभरापासून यांना तिच्यात काही ना काही खटकत होतं. आधी म्हणाले, समोरची काच धुरकट झाली. ती बदलली. मग म्हणाले, काचेच्या कडेचे खांब फार जाड आहेत, काही दिसू देत नाहीत. मग स्वतःचा चष्मा बदलला. शेवटी एक दिवस गाडीतून उतरून दार आपटत म्हणाले, "डब्यात बसल्यासारखं वाटते मले हिच्यात."

पुण्याला मुलगी आहे, तिला मी फोनवर गाऱ्हाणं सांगितलं. तिनं बापाचीच बाजू घेतली. "आई, करू दे ना बाबांना मजा. लोक हौसेनं ठेवतात अशी दुसरी गाडी. कन्व्हर्टिबल म्हणतात त्याला." म्हटलं, म्हणत असतील. आमच्याकडे त्याला म्हातारचळ म्हणतात.

जीप अकोल्याला होती. एका तेलगिरणीवाल्याच्या वडिलांची, वडील गेल्यावर शेडमध्ये उभी होती. आम्ही एसटीनं गेलो. गर्द हिरवा रंग, वर कापडी टप, तो चार खिट्ट्या काढल्या की मागे घडी होऊन पडायचा. गिरणीवाला चाळिशीचा, बोलायला मोकळा होता. त्यानं बॉनेट उघडून ठेवलं, टायर दाखवले, कागद पुढे केले. जुनी गाडी घेणारा माणूस इंजिनाला कान लावतो, खाली वाकून तेल गळतं का ते पाहतो. यांनी त्यातलं काहीच केलं नाही. टप काढायला लावला, स्टिअरिंगवर जाऊन बसले आणि गिरणीवाल्याला म्हणाले, "तुमी जरा गाडीच्या डाव्या अंगाले उभे राहा. आता समोर चाला. आता मांगं या."

तो बिचारा दोनदा मागेपुढे झाला. मग हसला. "साहेब, गाडी पाहून राहिले का मले?"

हेही हसले. मीही हसले. त्या दिवशी आम्ही तिघंही उगाचच हसत होतो, आणि मला आज त्या हसण्याची लाज वाटते.

परत येताना यांनीच जीप चालवली. डिसेंबरची दुपार होती. मूर्तिजापूरपर्यंत कापसाच्या गाड्याच गाड्या, गच्च भरलेल्या, आणि रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके अडकलेले. उघड्या जीपमध्ये ते सगळं अंगावर येत होतं. बडनेऱ्याला चहाला थांबलो तेव्हा माझं डोकं पांढरं झालं होतं. हे माझ्या केसातला कापूस वेचत बसले, भर रस्त्यावर, हॉटेलवाल्यासमोर. "सारं दिसते वं हिच्यात," असं दोनदा म्हणाले. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती आणि या माणसाला मी इतकं खूश क्वचितच पाहिलं होतं. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा खूश होते.

मग रोजचा नेमच झाला. सकाळी थर्मासमध्ये चहा घ्यायचा, डब्यात चार पोळ्या आणि ठेचा घ्यायचा, आणि निघायचं. कधी तिवस्याकडे, कधी चांदूर रेल्वेच्या वाटेनं. कुठंतरी कडुनिंबाखाली थांबून चहा प्यायचा आणि परत. ओळखीचे लोक हात करायचे. "काय साहेब, उभे राहून राहिले का यंदा?" दोन भाच्यांनी आणि एका चुलत दिरानं लग्नासाठी जीप मागितली. यांनी साफ नकार दिला, त्यावरून रुसवेफुगवे झाले. मला वाटलं, माणसाला म्हातारपणी खेळणं मिळालं की तो असाच करतो.

एक गोष्ट मात्र मला विचित्र वाटायची. उन्हाळा लागला तरी हे सातशिवाय निघायचे नाहीत. आमच्याकडे एप्रिलमध्ये लोक पाचलाच फिरून येतात, नऊला तर रस्ता भाजून निघतो. मी म्हटलं, उजाडता उजाडता जाऊ. हे म्हणाले, "उजेड चांगला होऊ दे." मी डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून बसत राहिले.

पण खरं म्हणजे तोपर्यंत मला कळलं होतं. ते कळलं होळीच्या सुमारास. तिवस्याच्या रस्त्यावर एका फाट्यावरून डावीकडून एक सायकलवाला निघाला. चांगला लांबून दिसत होता. हे जीप हळू करीनात. मी ओरडले, "अवो, सायकल!" यांनी ब्रेक मारला. सायकलवाला शिव्या देत गेला. आता माझ्यावर खेकसतील म्हणून मी तयारीत होते, कारण "तू चालवते का मी चालवतो?" हे वाक्य मी हजार वेळा ऐकलं होतं. हे मात्र थोड्या वेळानं हळूच म्हणाले, "सांगत जाय."

त्या दोन शब्दांवरून मला शंका आली. संध्याकाळी जेवताना मी एक दुष्टपणा केला. पाण्याचा पेला नेहमी यांच्या उजव्या हाताला असतो. मी तो मुद्दाम ताटाच्या डावीकडे, जरा कडेला ठेवला. हे पोळी घ्यायला वळले आणि कोपरानं पेला लवंडला. "हे काय जागा झाली पेला ठेवाची?" म्हणून ओरडले. मी जमीन पुसली. पुसताना वर पाहिलं तर हे चिडलेले नव्हते, घाबरलेले होते.

त्यानंतर मी रोज सांगत गेले. डावीकडे बकऱ्या. डावीकडे ट्रॅक्टर. पुढं खड्डा, मोटरसायकलवाला येऊन राहिला, थांबा, आता चला. बोलण्याच्या ओघात सांगायची, जणू गप्पाच मारतेय. हेही गप्पांसारखंच ऐकायचे. आम्ही दोघं मिळून एक जीप चालवत होतो आणि त्याबद्दल एक अक्षर बोलत नव्हतो. डॉक्टरकडे चला, असं म्हणायला मी कितीदा तोंड उघडलं असेल. पण ज्या तोंडानं म्हणायचं त्याच तोंडानं मी डावीकडच्या बकऱ्या सांगत होते. बोलले असते तर दुसऱ्या दिवसापासून हे पुन्हा पेपर घेऊन खोलीत बसले असते. ते मला पाहवलं नसतं. शिवाय मला वाटायचं, मी आहे ना बाजूला.

जुलैत एके सकाळी आम्ही चांदूर रेल्वेच्या वाटेवर होतो. आदल्या दिवशी पाऊस झाला होता, आभाळ मोकळं होतं, टप काढलेला होता. पुण्याहून मुलीचा फोन आला. मी फोनवर बोलत होते. नातीला ताप होता, काढा कसा करायचा ते सांगत होते. आलं किती, तुळस किती. मी खाली मान घालून, एका कानावर हात ठेवून सांगत होते.

धप्प असा आवाज आला. फार मोठा नव्हता.

रस्त्याच्या डाव्या कडेनं एक बाई निंदणाला चालली होती. डोक्यावर डबा आणि विळा बांधलेलं गाठोडं. जीपचा पुढचा कोपरा तिला लागला आणि ती नालीच्या काठावर पडली. मी उतरून धावले. ती उठून बसली होती. डावा हात मनगटाशी वाकडा झालेला. डबा उघडून भाजी चिखलात पडली होती आणि ती आधी त्या भाजीकडे पाहत होती.

हे मागून आले. यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिला म्हणाले, "बाई, तू कुठून आली मधातच?"

ती यांच्याकडे बघत राहिली. रडत नव्हती. म्हणाली, "मी कुठून येऊ साहेब? मी इथंच तं होती. कवाची चालून राहिली."

तिला आम्ही त्याच जीपमधून परत अमरावतीला दवाखान्यात आणलं. पुढे ती बसली, मी मागे. तिनं मोडका हात दुसऱ्या हातावर धरला होता. मी मागून यांच्या खांद्याशी वाकून सगळ्या रस्त्याभर मोठमोठ्यानं सांगत होते, आता गप्पांचं सोंग उरलं नव्हतं. डावीकडे रिक्षा. डावीकडे माणूस. त्या बाईनं एकदा मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे पाहिलं. तिला समजलं, हे मला समजलं. दवाखान्यात पोलीस आला, त्यानं विचारलं. ती म्हणाली, "चुकून लागलं. साहेबानं आणलं ना मले इथं." जिचा हात मोडला त्या बाईनं आम्हाला सांभाळून घेतलं आणि मी, सुशिक्षित, तिथं खाली मान घालून उभी होते. हाताला प्लास्टर झालं, तिची मुलगी आणि जावई आले, मग आम्ही निघालो. जीप दवाखान्याच्या आवारातच ठेवून रिक्षानं घरी आलो.

घरी आल्यावर हे पलंगाच्या कडेला बसले. कपडे बदलले नाहीत. मी पाणी दिलं, या वेळी हातात दिलं. मग यांनी ऑफिसची जुनी बॅग काढली आणि तिच्या आतल्या खणातून डोळ्यात टाकायच्या औषधाची बाटली काढून माझ्यासमोर ठेवली. काचबिंदू. नागपूरच्या डॉक्टरनं नोकरीत असतानाच सांगितलं होतं. गेलेलं परत येत नाही, उरलेलं सांभाळा, गाडी चालवू नका. हे अडीच वर्षं न्हाणीघरात दार लावून औषध टाकत होते.

"बंद गाडीत दोन्ही अंगानं भिंती दिसे मले," हे म्हणाले. "डावी जास्त. मले वाटलं, काच बदलली तं जाईन. मंग वाटलं, टपच नको वरतं. अकोल्याले त्या माणसाले चालून दाखव म्हटलं ना, तवा दिसला तो. खरंच दिसला. भर दुपार होती, म्हणून दिसला असंन."

मी म्हटलं, "मले ठाऊक होतं."

"काय?"

"दिसत नाई ते. होळीपासून ठाऊक होतं."

हे माझ्याकडे वळले. पूर्ण मान वळवून, आता जशी वळवावी लागते तशी. मला वाटलं, चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं.

"मंग रोज बसत काहून होती वं बाजूले?"

"तुमी खूश होते म्हणून."

यांनी औषधाची बाटली उचलून मुठीत धरली. मग बोलले ते माझ्याशी बोलल्यासारखं नव्हतं. "मी ठरवलं होतं. ज्या दिवशी ही म्हणंन, मी नाई येत तुमच्यासंग, त्या दिवशी चाबी ठेवून देईन. ही रोज चहा भरून येऊन बसे. मले वाटे, ही बसते, म्हणजे अजून येते मले चालवाले. नाईतर ही बसली असती का?"

मला रडू आलं, पण ते यांच्यासाठी नव्हतं. चौतीस वर्षं मी या माणसाला उठताबसता नाही म्हणत आले. नवीन सोफ्याला नाही, अचलपूरच्या प्लॉटला नाही, यांच्या मित्रांना जेवायला बोलवायला नाही, वांग्याच्या भाजीत जास्त तेलाला नाही. चांदूर रेल्वेच्या रस्त्यावर एक बाई आपल्या कामाला चालली होती. तिच्यासाठी एकदा नाही म्हणायचं होतं, तेवढं मी म्हणाले नाही.