ओळखीनं झालेली कामं

बायकोची नवी गाडी फ्रीवेवर पहिल्यांदा बंद पडली, तेव्हा फोनवर मी तिला विचारलं, "पाय कुठे होता तुझा?"

ती कडेला थांबली होती. शेजारून ट्रक जात होते, त्यांचा आवाज मला ऐकू येत होता. "पाय अ‍ॅक्सिलरेटरवरच आहे," ती म्हणाली. "दाबतेय, पण गाडीत जोरच नाही." दोन-तीन मिनिटांनी गाडी आपोआप सुरू झाली आणि ती कामावर गेली. ती एका लॅबमध्ये काम करते, सकाळी सातला पोचावं लागतं आणि सगळी वाट फ्रीवेची. तिचा 'पोचले' असा मेसेज येईपर्यंत मी ऑफिसात नुसता बसून होतो. तरी मनात हेच, की तिचंच काहीतरी चुकलं असणार. कारण गाडी मी निवडली होती.

मी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत खरेदी बघतो. किमतीवरून समोरच्याला घासणं हेच माझं काम. इचलकरंजीहून इकडे आलो तेव्हा पाठीशी कोणी नव्हतं, जे मिळवलं ते भांडून मिळवलं. ही गाडी घ्यायला ट्रॉय गावातल्या शोरूममध्ये दुपारी जाऊन बसलो, तो त्यांनी दिवे मालवायला घेतले तेव्हा उठलो. मॅट, दारांच्या पट्ट्या, पुढची ऑइल चेंज, सगळं पदरात पाडून घेतलं. शेवटी तो सेल्समन हात जोडायचाच बाकी होता. इथल्या मराठी मंडळात हा किस्सा लोक अजून सांगतात, आणि मी सांगू देतो.

तर गाडी घेऊन मी सर्व्हिस डेस्कवर गेलो. तिथला माणूस उंच, हसरा, पहिल्या वाक्यापासून मला 'माय फ्रेंड' म्हणणारा. तो म्हणाला, "दुरुस्तीची रीतसर ऑर्डर उघडली तर गाडी चार दिवस रांगेत राहील. त्यापेक्षा माझा मेकॅनिक आत्ता बघून देईल. तोवर तू आमची दुसरी गाडी घेऊन जा. आपल्या आपल्यात."

मी म्हटलं, "आणि गाडी धुऊन?"

"फार अवघड माणूस आहेस बुवा तू," असं काहीसं तो हसत बोलला. "धुऊन देतो."

मला काय आनंद झाला! स्वतःच्या कंपनीत मी चलनाशिवाय एक स्क्रू आत घेत नाही. पण ओळखीनं, मागच्या दारानं काम झालं की मला जिंकल्यासारखं वाटतं. ही सवय मी गावाहूनच बरोबर आणली आहे. महिन्याभरात गाडी आणखी दोनदा बंद पडली आणि दोन्ही वेळा मी तसाच गेलो, तसाच हसत परत आलो. दर वेळी काहीतरी जास्तीचं घेऊन.

चौथ्या वेळी गाडीत मुलगी होती. बायको तिला शाळेतून आणत होती, आणि या वेळी गाडी सुरूच होईना. मी पोचलो तेव्हा दोघी रेलिंगच्या पलीकडे बर्फात उभ्या होत्या. मुलगी म्हणाली, "बाबा, इट जस्ट डाइड. देअर वॉज अ ट्रक."  बायको माझ्याकडे बघतही नव्हती. गाडी टो करून नेली, म्हणून त्या दिवशी पहिल्यांदा रीतसर ऑर्डर निघाली.

मंडळात एक काका आहेत, इथल्याच एका गाडीच्या कंपनीतून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. मी त्यांच्याकडे गेलो.

"किती वेळा नेलीस?" काकांनी विचारलं.

"चार."

"मग लेमन लॉ आहे की! आपल्या राज्यात एकाच दोषासाठी चारदा नेऊन गाडी नीट झाली नाही, तर कंपनीला ती परत घ्यायला लावता येते. काढ कागद."

"कागद एकच आहे, काका. आधीच्या तीन वेळा... तो माणूस ओळखीचा झाला होता. गाडीही धुऊन द्यायचा."

काकांनी चष्मा काढला. "अरे, तू खरेदीत आहेस ना? म्हणजे त्यानं तुला गाडी धुऊन दिली आणि तीन भेटी पुसून टाकल्या!"

"अहो, चहा तरी पिऊ द्या त्याला," काकू आतून म्हणाल्या. 

दुसऱ्या दिवशी शोरूममध्ये जाऊन मी असा आवाज चढवला की मॅनेजर बाहेर आला. सर्व्हिस डेस्कवरचा माझा मित्र कॉम्प्युटरकडे बोट दाखवून म्हणाला, "इथे एकच भेट दिसते, सर." मी आता सर झालो होतो. आधीच्या तीन? "ती कर्टसी होती, सर. तिची नोंद नसते." आणि त्या एका भेटीपुढे लिहिलं होतं, दोष आढळला नाही. त्या तीन शब्दांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. जाऊही देणार नाही.

पुढच्या आठवड्यात गाडीच्या कंपनीचं रिकॉलचं, म्हणजे सदोष गाड्या परत बोलावण्याचं, पत्र आलं. इंधनाच्या पंपात दोष आहे, चालत्या गाडीचा जोर जाऊ शकतो, अपघाताचा धोका आहे. म्हणजे बायको पहिल्या दिवशी फोनवर जे म्हणाली, तेच. खाली लिहिलं होतं, नवा पंप अजून उपलब्ध नाही, आला की कळवू. तिकडे माझ्यासारखाच कोणीतरी पुरवठादाराला घासत बसला असणार, हे मला लगेच कळलं.

मी बायकोला माझी जुनी गाडी दिली आणि तिची नवी गाडी स्वतः घेतली. मला अजून तीन कागद हवे होते. म्हणजे गाडी अजून तीनदा बंद पडायला हवी होती. रोज सकाळी मी उजव्या लेनमधून जायचो आणि मनात म्हणायचो, पड बाई, बंद पड. पडली नाही की चिडायचो. नवव्या की दहाव्या दिवशी वळणाच्या रॅम्पवर ती पडली. पाय दाबतोय आणि खाली काही नाही. मागचा ट्रक आरशात मोठा मोठा होत गेला, हॉर्न देत अगदी हातभर अंतरावरून निघून गेला. दहा मिनिटं मला दारही उघडता आलं नाही.

त्या दिवशी डेस्कवर मी काहीच जास्तीचं मागितलं नाही. ऑर्डर छापून हातात येईपर्यंत उभा राहिलो. घरी येऊन म्हटलं, "दोन झाले. अजून दोन."

बायकोनं हातातलं भांडं खाली ठेवलं. "अजून दोन? कळतंय का तू काय बोलतोयस?" मग फोन माझ्यापुढे धरला. तिनं राज्याच्या वेबसाइटवर सगळा कायदा वाचला होता. मी काकांच्या 'चार'वर थांबलो होतो. "पहिल्या वर्षात दुरुस्तीसाठी गाडी तीस दिवस त्यांच्याकडे राहिली, तरी हक्क मिळतो. नेऊन टाक तिथे. पंप येईपर्यंत आणायची नाही. आणि आत घेतल्याचा कागद घे."

घेतला. काकांनी सांगितल्याप्रमाणे कंपनीलाही रजिस्टर पत्र पाठवलं. एका गाडीत तिघांचं भागवायचं म्हणजे रोजची धावपळ, पण भागवलं. तेविसाव्या दिवशी सकाळी फोन आला.

"माय फ्रेंड! गाडी मस्त चालतेय, आम्ही फिरवून बघितली. घेऊन जा. पंप आला की बोलावतो. आणि तुला त्रास झाला म्हणून चारही टायर नवे, हिवाळी."

खोटं कशाला बोलू, माझ्या तोंडून 'आणि' निघालं होतं. पुढे काय मागायचं तेही ठरलं होतं. समोर बायको कोट घालून, किल्ली हातात घेऊन कामाला निघाली होती, ती थांबली.

मी म्हटलं, "गाडी फ्रीवेवर चालवायला सुरक्षित आहे, असं लिहून पाठव. तुझ्या सहीनं."

"तसं लिहून देता येणार नाही, सर."

"मग राहू दे तिथेच."

मी फोन ठेवला. बायको म्हणाली, "सात दिवसांच्या आत पंप आला तर? बसवतील आणि म्हणतील, झाली दुरुस्त."

जन्मात पहिल्यांदा मी देव पाण्यात घालून बसलोय, की कुठल्यातरी पुरवठादाराचा माल अजून आठवडाभर उशिरा येऊ दे. ऑफिसात फोन वाजला की आधी नंबर बघतो. आज सव्विसावा दिवस आहे.